टिपरू खाली

लक्ष्मी चौकातून मारुंजीकडे वळता वळताच तुम्हाला कळून चुकतं, आजही उशीर. हिंजवडीच्या कंपन्या नुकत्या सुटल्यात, आषाढातला पाऊस भुरभुरतोय आणि समोरच्या डंपरने अख्खा रस्ता अडवलाय. रेनकोटच्या आत लॅपटॉपची बॅग पोटाशी बांधली आहे. तासाभरात तिच्याच जागी ढोल यायचाय, त्यामुळे कमरेला सवय होते एवढंच समाधान.

मोकळ्या प्लॉटवर गाडी लावता तेव्हा सव्वासात वाजलेत. सरावाची वेळ सातची. मिनिटाला एक बैठक हा इथला दंड. पत्र्याच्या शेडपाशी तुम्ही मुकाट्याने पंधरा बैठका मारता. कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही. एक मुलगी वहीत तुमच्या नावापुढे वेळ लिहिते आणि पान उलटते. या वहीचा धाक पथकप्रमुखापेक्षा जास्त आहे, कारण विसर्जनाच्या दिवशी कोण वाजवणार आणि कोण पाण्याच्या बाटल्या वाहणार हे तीच ठरवते.

शेडमध्ये दोघं जण एका ढोलाला भिडलेत. एकाने ढोल मांडीत दाबून धरलाय, दुसरा पाय लावून दोरी ओढतोय. पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, ढोल बोलेनासा होतो, तासागणिक तो पुन्हा ताणावा लागतो. बाजूला नवे भरती झालेले सात-आठ जण गाडीच्या जुन्या टायरवर ढोलाचं टिपरू आपटतायत. पंधरा दिवस टायर, मग ढोल. त्यांची तोंडं बघवत नाहीत. गेल्या वर्षी तुमचंही असंच होतं.

बोटांना चिकटपट्टी गुंडाळून, कानात कापूस घालून तुम्ही आपल्या जागी जाता. रांग चौदावी. सहा-सहाच्या सोळा रांगा, सगळ्यांच्या पुढे पंधरा ताशे, त्यांच्याही पुढे ध्वज. पथकात सगळे एकमेकांचे दादा आणि ताई; वयाचा संबंध नाही. ताशांच्या मधोमध उभी असलेली ताई तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, हिंजवडी फेज थ्रीमधल्या कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. संध्याकाळी तेच काम फुकट.

ती तर्री सोडते. पंधरा ताशांवरून बारीक गारा पडाव्यात तसा आवाज येतो, आणि ढोल उचलतात. पहिला गावठी हात. (तालाच्या बंदिशीला इथे ‘हात’ म्हणतात.) छातीचा पिंजरा थरथरतो, दिवसभराच्या मीटिंगा अंगातून झडून जातात. तुम्हाला वाटतं, आज जमलं!

ताईचे दोन्ही हात वर गेलेले असतात. पुढच्या रांगा थांबतात, मग मधल्या, मग तुम्ही मागचे, सगळ्यांत शेवटी.

“थांबायलाच दोन ठोके लागतायत. मागची रांग ओढतेय. टिपरू खाली.”

टिपरू खाली म्हणजे हातात धरून गप्प उभं राहणं नव्हे. वाकून जमिनीला टेकवायचं. शंभर माणसं वाकतात. तुमचं टिपरू चिखलाला टेकतं आणि कानात भरलेली घुमघुम हळूहळू ओसरायला लागते. तेवढ्यात इथून थोडं सटका. ही जमीन ताल धरणाऱ्यांना नवखी नाही.

३ जानेवारी २०१६. थंडी बोचरी आहे, चिखलाच्या जागी धूळ. मारुंजी, नेरे, जांबे या गावांच्या मधल्या माळावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा शिवशक्ती संगम भरलाय आणि किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या व्यासपीठासमोर लाखाहून जास्त माणसं रांगेत बसलीयत. पायांत अजून खाकी अर्धी चड्डी आहे. याच वर्षीच्या दसऱ्याला तिची फुलपँट होणार, हे या गर्दीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. संघाविषयी तुमचं मत काहीही असो, आज तुम्ही घोषाकडे बघायला आलाय.

घोष म्हणजे संघाचं वाद्यपथक. साइड ड्रमला इथे आनक म्हणतात, मोठ्या ढोलाला पणव, बिगुलाच्या जातीच्या वाद्याला शंख, बासरीला वंशी. वाजवणारे पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेत. कोल्हापूरचा आनक आणि नाशिकचा आनक एरवी रोज शेजारी उभे राहत नाहीत, तरी आज दोघं एकच रचना वाजवतात, कारण रचना ठरलेल्या आहेत, लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येकाने त्या आपापल्या गावी घोटल्या आहेत. इतका पसरलेला वाद्यमेळ एकत्र कसा राहतो? तुम्ही कान लावता. मग लक्षात येतं की कान लावून उपयोग नाही. वाजवणाऱ्यांची नजर समोरच्या घोषदंडावर आहे. दंड वर गेला, फिरला, खाली आला, की तेवढ्यावर सगळे सुरू होतात आणि तेवढ्यावरच थांबतात. ऐकून थांबणारा मागे पडतो, बघून थांबणारा वेळेवर थांबतो.

“चौदावी रांग, पुढे या.” ताईचा आवाज. पुन्हा आषाढ, पुन्हा चिखल.

तुमच्या रांगेतल्या सहा जणांपैकी तुम्हाला एकट्यालाच ती आपल्या शेजारी ताशांपाशी उभं करते आणि बाकीच्यांना परत पाठवते. “आता फक्त टाळ्या. मी ताशावर सरळ ठोके देते. शेवटच्या तीनच रांगांनी माझ्याबरोबर टाळी द्यायची.” ताशाची काडी पडते, टक, टक, टक. मागून टाळ्या येतात. प्रत्येक टाळी काडीच्या मागून, पायरी चुकल्यासारखी. तुम्ही वळून बघता. तुमची माणसं जीव ओतून टाळ्या देतायत, माना तालात हलतायत. त्यांच्या दृष्टीने ती अगदी ठोक्यावर आहेत.

ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा जरा अपमान झाल्यासारखं होतं. चूक आळसाची नव्हती, चूक हवेची होती. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ताशापासून शेवटची रांग पस्तीस मीटरवर असेल तर ताशाचा ठोका तिथे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ती रांग प्रामाणिकपणे ऐकल्याबरोबर वाजवते, आणि तिचा आवाज पुढे परत यायला आणखी तेवढाच वेळ. झाले दोन दशांश. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. म्हणजे पुढे उभ्या असलेल्या माणसाला शेवटची रांग जवळजवळ अर्धा ठोका मागे ऐकू येते. त्यात मधल्या रांगा दोन्हीकडचं ऐकून गोंधळतात, तो भाग वेगळा. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर कधी कधी एखादं नावाजलेलं पथकसुद्धा लांबून नुसता गडगडाट वाटतं ते याच कारणाने. सराव कमी पडला म्हणून आणखी दोन तास वाजवून घेतलं तर काय होणार? ये रे माझ्या मागल्या. चुकीचं ऐकणं आणखी पक्कं होणार.

अमेरिकेतल्या कॉलेजांचे मार्चिंग बँड फुटबॉलच्या मैदानावर याच दुखण्याशी झगडतात, आणि त्यांचं मैदान तर शंभर यार्डांचं; एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पाव सेकंदाने पोचतो. त्यांची युक्ती उलटी आहे. ड्रमवाले मागच्या बाजूला उभे करायचे आणि पुढच्यांनी मागून येणारा आवाज धरून वाजवायचं, म्हणजे दोन्ही आवाज मिळून एकदमच प्रेक्षकांकडे जातात. आपल्याकडे ताशा पुढे, आणि मिरवणुकीला प्रेक्षक चहूकडून. ती युक्ती इथे चालत नाही.

मग ही कला इतकी वर्षं चालली कशी?

पुन्हा टिपरू खाली. आता जरा लांब जायचंय.

१९८६. चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंतीचा दिवस. लक्ष्मी चौक नाही, टॉवर नाहीत, आयटी पार्क उभं राहायला अजून दहा-बारा वर्षं आहेत. उसाच्या फडांमधून बैलगाडीच्या वाटेने तुम्ही हिंजवडीकडे निघता, आणि वाटेत तुमच्यासारखेच पंचक्रोशीतले लोक भेटत जातात. हिंजवडी आणि वाकड, दोन्ही गावांचं दैवत म्हातोबा, आणि आज त्याचं बगाड. गळ टोचून घेतलेला गळकरी बगाडाच्या लाकडी गाड्यावर चढणार, बगाड हिंजवडीतून निघून वाकडला देवळाशी जाणार. माणसांचा महापूर, भंडारा, गुलाल.

पण तुम्ही गर्दीच्या जरा बाजूला थांबा. एका झाडाखाली एका गावचा ताफा आपला खेळ लावतोय. दोन ढोल, एक ताशा, झांजा आणि तीसेक लेझीमवाले. म्हाताऱ्याने पालापाचोळा पेटवून ताशा वर धरलाय. शेक लागला की चामडं ताठ होतं. बोटाने टिचकी मारून तो ऐकतो, पुन्हा शेकतो, पुन्हा ऐकतो. घाई त्याला माहीत नाही. मग ढोल वाजतो आणि लेझीमवाले त्याच्याभोवती रिंगण धरतात.

हे रिंगण नीट बघा. ढोल मध्ये, माणसं गोल. प्रत्येक लेझीम ढोलापासून सारख्याच अंतरावर. पहिला कोण नाही, शेवटचा कोण नाही. ढोलाचा ठोका निघतो आणि सगळ्यांच्या कानांवर एकाच क्षणी पडतो. लेझमांचा छणका असा येतो की जणू एकाच हातात तीस लेझमा आहेत. यांना घोषदंड लागत नाही, वही लागत नाही. मागची रांगच नाही, तर ती ओढणार कशी?

यांचा सराव कधी होतो? सराव हा शब्दच इथे कुणी वापरत नाही. रात्री जेवणं झाली की मारुतीच्या देवळापुढे खेळ लागतो, आणि पोरं बाहेरून बघतात. मोडकी लेझीम घेऊन एखादं पोरगं रिंगणाबाहेर नाचत असतं. कधीतरी एखादा माणूस दमून बाजूला होतो आणि त्या पोराला आत ओढलं जातं. तोवर त्याच्या पायांना सगळं पाठ असतं, हातांना शिकवायचं तेवढं बाकी. म्हणजे वाजवण्याआधी दोन-तीन वर्षं त्याने नुसतं बघितलेलं आणि चाललेलं असतं. शेडपाशी टायर बडवणाऱ्या नव्या पोरांना हे सांगून बघा, मारतील तुम्हाला.

तुमच्या पथकात ज्याला गावठी हात म्हणतात, तो असल्याच रिंगणांतला. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या भागांतले ढोल-लेझीमचे ताफे गणपतीत पुण्याला जायचे. मंडळं सुपारी देऊन बोलवायची. पेठेतला गणपती, पण पायातला ताल मावळचा. आणि पुण्यात पोचल्यावर त्या रिंगणाचं काय झालं, हे बघायला एक मुक्काम आणखी करावा लागतो.

सत्तरचं दशक, ५१० सदाशिव पेठ. ज्ञान प्रबोधिनी. आप्पा पेंडशांनी १९६२मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची मुलं आवारात उभी आहेत, हातांत बरच्या, म्हणजे नाचात फिरवायच्या काठ्या. विसर्जनाची मिरवणूक तेव्हा शिकलेल्या घरांनी फुटपाथवरून बघायची गोष्ट होऊ लागली होती. प्रबोधिनीने मुलांना त्याच मिरवणुकीत, पण शिस्तीत, उतरवलं. पुढे मुलींनीही कमरेला ढोल बांधले. आज तुमच्या पुढच्या रांगेत कितीतरी ताया आहेत याचं कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं.

आवार लहान आहे, पण खरी अडचण बाहेर आहे. मिरवणुकीचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, मागे-पुढे दुसरी मंडळं. तिथे मोठं रिंगण धरणार कुठे? गोल लांबवावा लागतो. गोल लांबवला की रांगा होतात, आणि रांगा झाल्या की पहिला आणि शेवटचा जन्माला येतो. गावात जे काम कान आपोआप करत होता, ते आता शिकवावं लागतं. म्हणून आकडे, म्हणून पावलं, म्हणून शिट्टी. मुलं बरची फिरवण्याआधी नुसती चालतात, मोठ्याने मोजतात, थांबतात. पुन्हा चालतात. शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे पाय जमिनीवर. तासभर बघत उभे राहा. प्रत्यक्ष वाजवणं त्यात थोडंच. पुढे रमणबाग, विमलाबाई गरवारे अशा शाळांची पथकं आली, मग शाळांबाहेरची पथकं आली, आणि आता ती मुंबई-ठाण्यापासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत पोचली. चिंचवड-वाकड ओलांडून हिंजवडी-मारुंजीलाही आली. इथून गेलेला ताल पन्नास वर्षांनी गणवेश घालून, रांगेत उभा राहून इथे परत आलाय. शिकवणारी ताई पेठेतल्या पथकात आठ वर्षं वाजवलेली, आणि शिकणारे लातूर, अकोला, इंदूर, कुठकुठले.

संख्येचा सोस मात्र वाटेत लागला. २०२४च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच माणसं असावीत असं म्हटलं, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला; १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली आणि पथकांनी पेढे वाटले. तुम्हीही वाटले असतील. गोंगाटाचा मुद्दा खरा आहे, शेजारच्या सोसायटीतल्या तान्ह्या बाळाच्या आईला विचारा. पण वाजवणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करायला हवी: तीस जणांच्या पथकात मागची रांग पुढच्या रांगेच्या हाकेवर असते. त्या झाडाखालचा ताफाही तेवढाच होता. शंभर ढोल लावणं हा मोठेपणा आहे, आणि मोठेपणाची किंमत सरावात मोजावी लागते.

“ढोल सोडा.” पुन्हा ताईचा आवाज.

आता सगळे बघतायत. ढोल सोडा म्हणजे सोडाच. कमरेचे कापडी पट्टे सुटतात, शेडच्या कडेला ढोल एकावर एक लागतात. ताई सगळ्यांना गोल करायला सांगते. शंभर माणसांचा गोल प्लॉटभर पसरतो, एका बाजूने विटांच्या ढिगाला टेकतो. मध्ये ती एकटी, ताशा गळ्यात. “मोजायचं नाही. वाजवायचं नाही. चालायचं.” ताशा सुरू होतो आणि तुम्ही चालू लागता. पहिल्या दोन फेऱ्या हसण्यात जातात. कुणाची चप्पल चिखलात रुतते. तिसऱ्या फेरीत हसू थांबतं. चौथ्या फेरीत शंभर पावलांचा एकच आवाज येतो, आणि तो तुम्हाला कानांनी नाही, तळपायांनी कळतो.

ताई ताशा थांबवते. पावलं थांबत नाहीत. तिने तसं सांगितलेलंच नाही. ताशाशिवाय दोन फेऱ्या. लय ना धावत ना रेंगाळत. विटांच्या ढिगावर बसलेला वॉचमन विडी विझवून बघायला लागतो.

मग ती एका जागी गोल तोडते. साखळी उलगडावी तसा तो सहा-सहाच्या रांगांत उलगडतो, चालता चालता, पाय न थांबवता. पाच वेळा हे बिघडतं. रांगा एकमेकींत घुसतात, आठव्या रांगेतला एक दादा दरवेळी डावीकडे जातो आणि दरवेळी माफी मागतो. सहाव्यांदा जमतं. यात पाऊण तास गेला आणि ढोलावर एक ठोका पडला नाही. तुमच्या मागच्या रांगेतला नवा भिडू कुरकुरतो, की यासाठी मी शिफ्ट बदलून घेतली का. मनातून तुम्हालाही तेच वाटतंय, पण तुम्ही जुने आहात, बोलत नाही.

सव्वानऊ. साडेनऊला बंद करायचं ठरलंय; नियम रात्री दहाचा असला तरी अर्धा तास शेजाऱ्यांसाठी. ढोल बांधा. पट्टा ओढून गाठ मारता, ढोल मांडीवर पेलता. चौदावी रांग. ताई एवढंच सांगते: “मला ऐकू नका. माझ्या उजव्या काडीकडे बघा, आणि पाय सोडू नका.”

सत्तर-ऐंशी डोकी मध्ये आहेत. तुम्ही टाचा उंचावता, दोन खांद्यांच्या फटीतून तिची काडी दिसते. पांढरी, पावसात चमकणारी. ती वर जाते. पाय चालू आहेत. काडी खाली यायला लागते आणि तुमचा हात तिच्याबरोबर सुटतो, विचार न करता, आणि टिपरू पानावर पडतं. ताशाचा आवाज त्यानंतर येतो, एवढासा मागून, जणू उशीर त्यालाच झाला.

तुम्ही जवळजवळ चुकता. कान म्हणतो थांब, तू पुढे गेलास. डोळा म्हणतो चालव. दोघांचं भांडण चार ठोके चालतं. मग तुम्ही कानाचं ऐकणं सोडून देता.

विटांच्या ढिगावर वॉचमन उभा राहिलाय. त्याने मोबाइल काढलाय.

काडी आडवी होते. हात हवेत राहतात. शंभर ढोल एका क्षणात गप्प, आणि पानांची घुम चिखलावरून टॉवरांकडे जाऊन विरते. वहीवाली मुलगी मान वर करते.

शेडच्या बाजूला टायरवर एक ठोका जास्तीचा पडतो. नवा पोरगा जीभ चावतो आणि टिपरू खाली ठेवतो.